वर्ग गप्प बसेपर्यंत

मुलांना ज्याचं उत्तर येणार नाही असा एक प्रश्न साबणवाल्यांना हवा होता. अडचण एवढीच होती. ज्यांनी शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेतलेलं नाही त्यांना ती किरकोळ वाटेल. ज्यांनी घेतलं आहे त्यांना इथेच जरा घाम फुटेल.

साबणवाले म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत फेस किती वेळ टिकतो हे मोजण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. चाळिशी उलटल्यावर एके सकाळी त्यांना वाटलं, आपण शाळेत विज्ञान शिकवावं. असं पुष्कळांना वाटतं आणि बहुतेकांचं ते संध्याकाळपर्यंत उतरतं. साबणवाल्यांचं उतरलं नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि पदवीधरांसाठीच्या एक वर्षाच्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गात नाव घातलं. त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नंबर सांगावा तशा आवाजात सांगितलं, "एक वर्ष. दुसरं नाही."

वर्ष सरत आलं होतं आणि शेवटचा पाठ तेवढा उरला होता. तो पास झाला तर साबणवाले शिक्षक होणार होते. नापास झाला तर सगळं वर्ष पुन्हा करावं लागणार होतं, आणि दुसरं वर्ष घरात मंजूर नव्हतं.

आता पाठ म्हणजे काय ते सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला वाटतं, शिक्षक वर्गात जातो, शिकवतो आणि बाहेर येतो. इतकं सोपं असतं तर त्याचं प्रशिक्षण कशाला काढलं असतं? पाठाला प्रस्तावना लागते. शिक्षकाने आल्या आल्या विषयाचं नाव घ्यायचं नसतं. आधी सोपे प्रश्न विचारायचे, मग जरा कमी सोपे, आणि असं करत करत मुलांना अशा एका प्रश्नापाशी आणून उभं करायचं की ज्याचं उत्तर त्यांना येत नाही. वर्ग गप्प बसला पाहिजे. तो गप्प बसला की शिक्षकाने म्हणायचं, "तर मुलांनो, आज आपण अमुक अमुक अभ्यासणार आहोत." याला हेतुकथन म्हणतात. हेतुकथन झाल्याशिवाय शिकवायला सुरुवात करता येत नाही, मग वर्गाचं छप्पर उडालं तरी.

मार्गदर्शक बाई याबाबतीत फार कडक होत्या. निवृत्तीला आलेल्या, बारीक चणीच्या या बाई वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून पाठ तपासत आणि बसल्यावर दिसेनाशा होत. त्यामुळे पाठ देणाऱ्याला त्या नेमक्या कुठे आहेत हे कळत नसे, फक्त पेनाचा आवाज येत असे.

"प्रस्तावना फसली की पुढचं मी ऐकत नाही," त्या सांगत. "तुम्ही खुशाल बोला. मी तिथे नाहीच असं समजा." आणि साबणवाल्यांना त्यांनी मुद्दाम बजावलं होतं, "घरी सराव करा. पण समोर माणसं बसवा. भिंतीला प्रश्न विचारू नका. भिंत नेहमी योग्य वेळी गप्प बसते, त्याने आपला गैरसमज होतो."

साबणवाल्यांनी माणसं बसवली. इथून सगळं बिघडत गेलं.

पाठ होता ज्वलनाचा. बशीत पाणी, पाण्यात उभी पेटलेली मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि ग्लासात पाणी चढतं. प्रयोग इतका साधा की बिघडायला जागाच नाही, असं साबणवाल्यांना वाटलं. पहिल्या दिवशी कोचावर त्यांची बायको आणि आई बसल्या. साबणवाल्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि विचारलं, "मुलांनो, आपल्याला जगायला काय काय लागतं?"

टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, अपेक्षित उत्तर होतं: हवा, पाणी, अन्न.

"समाधान," आई म्हणाली.

"झोप," बायको म्हणाली. ती दिवसभर उभी होती.

"आई, विज्ञानाचा तास आहे हा."

"मग? विज्ञानवाल्यांना समाधान लागत नाही?"

"लागतं. पण टाचणात हवा लिहिलंय."

"हवा काय, ती असतेच. समाधान मिळवावं लागतं. तू मला नापास कर हवं तर, मी उत्तर बदलणार नाही."

एवढ्यात दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर दारात उभे होते. शाळा सुटून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हेडमास्तरपण सुटलं नव्हतं. जिन्यातून उतरतानाही ते उजव्या बाजूने उतरत आणि डावीकडून येणाऱ्याकडे नुसतं बघत. तेवढं पुरत असे.

"तुमचा आवाज माझ्यापर्यंत येतो," ते म्हणाले.

"माफ करा, हळू बोलतो."

"हळू? आवाज येतो, शब्द येत नाहीत. शेवटच्या बाकावरच्या मुलाने काय करायचं? आणि हा काय वर्ग आहे? दोन विद्यार्थिनी, त्यातली एक झोपलेली." बायको खरंच झोपली होती. "उद्या संध्याकाळी खाली गाड्या लावायच्या जागेत या. मुलं मी जमवतो."

आणि त्यांनी जमवली. इमारतीतली झाडून सगळी मुलं खाली आली, कारण हेडमास्तरांना नाही म्हणता येतं ही कल्पनाच त्या इमारतीत अजून कोणाला सुचलेली नव्हती. मुलांमागून आया आल्या. आयांमागून पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट स्वतःची खुर्ची घेऊन आले. हे विमावाले कुठेही चार माणसं जमली की खुर्ची घेऊन येत.

साबणवाल्यांची लेकही तिथे होती, पण विद्यार्थिनी म्हणून नाही. प्रयोगाचा ग्लास घरातल्या चांगल्या संचातला होता आणि तो धडका परत आणण्याची जबाबदारी तिच्या आईने तिच्यावर टाकली होती. ती पायरीवर, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसे आणि त्या ग्लासावरची नजर हलवत नसे. वय असं होतं की सगळ्यांसमोर प्रश्न विचारणारा बाप नजरेआड असलेलाच बरा. तेव्हा ग्लास तिला सोयीचाच होता.

पहिल्या संध्याकाळी सगळं टाचणाप्रमाणे झालं. "ग्लास उपडा ठेवला तर मेणबत्तीचं काय होईल आणि का?" असं साबणवाल्यांनी विचारलं आणि मुलं गप्प बसली. साबणवाल्यांनी हेतुकथन केलं. त्यांच्या अंगावर काटा आला.

"छान," विमावाले म्हणाले. "पण सर, एक सांगू? भीती दाखवल्याशिवाय गरज पटत नाही. मेणबत्ती विझली की क्षणभर थांबायचं. एकेका मुलाच्या डोळ्यांत बघायचं. मग म्हणायचं, आज मेणबत्ती आहे, उद्या कोण असेल?"

"ती सातवीतली मुलं असणार आहेत हो."

"वय जितकं कमी तितकं चांगलं. आमच्याकडे तर तेच सांगतात."

हेडमास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. वर्ग फार शहाणा होता, व्रात्य विद्यार्थ्याशिवाय सराव कसला, असं म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच व्रात्य विद्यार्थी झाले. आयुष्यभर ज्या खोड्यांसाठी त्यांनी मुलांना वर्गाबाहेर काढलं होतं त्या सगळ्या त्यांना पाठ होत्या. त्यांनी कागदी विमान उडवलं, मांजराचा आवाज काढला, पुढच्या मुलीची वेणी खुर्चीला बांधली. साबणवाल्यांनी त्यांना वर्गाबाहेर जायला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो इमारतीने आजवर पाहिला नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी मुलं गप्प बसली नाहीत. त्यांना उत्तर येत होतं. ते त्यांना आदल्या दिवशी साबणवाल्यांनीच शिकवलं होतं. म्हणून साबणवाल्यांनी प्रश्न पुढे सरकवला: पाणी वर का चढलं? मुलं गप्प बसली. साबणवाल्यांनी सांगितलं, ग्लासातला ऑक्सिजन संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. पुस्तकातही तसंच होतं. तिसऱ्या दिवशी तेही सगळ्यांना येत होतं. मग प्रश्न आणखी पुढे सरकला. हवेत ऑक्सिजनचा वाटा किती? पाचवा हिस्सा. उरलेल्यात काय असतं? नायट्रोजन. साबणवाले रोज एक प्रश्न पुढे पळत आणि मुलं रोज त्यांना गाठत. मुलांना चूक उत्तरंसुद्धा पाठ झाली. पहिल्या प्रश्नाला कोणीतरी हमखास "समाधान" म्हणे, कोणीतरी "झोप" म्हणे आणि मग सगळे हसत.

साबणवाल्यांनी याची काळजी केली नाही. शेवटचा पाठ शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत होता. तिथल्या मुलांना या मुलांची गंधवार्ताही नव्हती.

पाठाच्या दोन दिवस आधी प्रशिक्षण कार्यालयातून फोन आला.

"तुमच्या शाळेचं छत दुरुस्तीला काढलंय," कारकून म्हणाला. "पण तुमची सोय केलीय. घराजवळचीच शाळा दिलीय. कोपऱ्यावरची. सातवी ब. आभार मानू नका, आमचं कामच आहे."

साबणवाले जेवणाच्या टेबलाशी उभे होते. त्यांच्या लेकीने हातातला चमचा खाली ठेवला.

"बाबा, तो माझा वर्ग आहे."

सातवी ब मध्ये लेक होती. विमावाल्यांचा मुलगा होता, हेडमास्तरांची नात होती आणि संध्याकाळी खाली हात वर करून बसणारा निम्मा जमाव होता. साबणवाले दुसऱ्या दिवशी सकाळीच कार्यालयात गेले.

"वर्ग बदलून द्या," ते म्हणाले.

"बदलाचा अर्ज बदल व्हायच्या आधी द्यायचा असतो," कारकून म्हणाला.

"पण बदल झाल्याचं मला काल कळलं."

"म्हणून तर उशीर झाला."

"मग विषय तरी बदलतो. चुंबक घेतो."

"टाचण मंजूर झालंय ना? मंजूर टाचण बदलायचं तर ते आधी नामंजूर व्हावं लागतं. त्यासाठी पाठ द्यावा लागतो."

साबणवाल्यांनी मार्गदर्शक बाईंना गाठलं. बाई म्हणाल्या, "टाचण उत्तम आहे तुमचं. घाबरू नका. माझ्या अनुभवात वर्ग गप्प बसला नाही असं कधी झालेलं नाही."

लेकीने रात्रीच्या जेवणाच्या आधी अटी सांगितल्या. "मला ओळखायचं नाही. मला काही विचारायचं नाही. माझ्याकडे बघून हसायचं नाही. आणि तो हिरवा शर्ट नको."

"हिरव्या शर्टात काय वाईट आहे?"

"बाबा."

"बरं."

एकच मार्ग उरला होता. संध्याकाळी साबणवाल्यांनी इमारतीतल्या सातवी ब ला खाली एका कोपऱ्यात बोलावलं आणि आवाज बारीक करून सांगितलं, "उद्या तुम्हाला उत्तरं येत नाहीत."

"येतात की," विमावाल्यांचा मुलगा म्हणाला.

"येतात, पण उद्यापुरती येत नाहीत."

"पण आई म्हणाली, काका नापास झाले तर काकू त्यांना घराबाहेर काढतील. म्हणून सगळ्यांनी मोठ्याने उत्तरं द्यायची. शाळेत बाकीच्यांना पण सांगून ठेवलंय आम्ही. सगळ्यांची उत्तरं पाठ झालीत."

साबणवाले काही बोलणार इतक्यात मागून खाकरण्याचा आवाज आला.

"मुलांना खोटं बोलायला शिकवताय?" हेडमास्तर म्हणाले. हाच गृहस्थ परवा वर्गात मांजर होऊन ओरडत होता. पण या वेळी तो हेडमास्तर होता, आणि साबणवाले मान खाली घालून जिन्याच्या उजव्या बाजूने वर गेले.

पाठाच्या दिवशी ते साध्या पांढऱ्या शर्टात लवकर शाळेत पोचले. मेणबत्त्या, बशी आणि ग्लास त्यांनी घरून आणले होते. काडेपेटीपाशी घोडं अडलं. शाळेत पेट घेणारी कोणतीही वस्तू आणायला बंदी होती.

"मेणबत्ती चालेल," शाळेच्या स्टोअरकीपरने सांगितलं. "ती आपण होऊन पेटत नाही. काडेपेटी नाही चालणार."

"काडीशिवाय मेणबत्ती कशी पेटवायची?"

"तो तुमचा विज्ञानाचा प्रश्न झाला. माझा सुरक्षेचा आहे."

मुख्याध्यापिकांपर्यंत प्रकरण गेलं. त्यांनी तोडगा काढला: काडी ओढायला परवानगी, पण शेजारी शाळेचा वॉचमन वाळूची बादली घेऊन उभा राहील. साबणवाल्यांनी मान्य केलं. वॉचमन धिप्पाड होता आणि मिशा पिळून आला होता. इतक्या वर्षांत बादलीला आज पहिल्यांदाच काम निघालं होतं.

घंटा झाली. साबणवाले वर्गात शिरले. मागच्या बाकावर बाई बसल्या आणि दिसेनाशा झाल्या. लेक तिसऱ्या बाकावर होती आणि खिडकीबाहेर बघत होती. साबणवाल्यांनी अटीप्रमाणे तिला ओळखलं नाही.

"मुलांनो, आपल्याला जगायला—"

"हवा, पाणी, अन्न," अख्खा वर्ग म्हणाला.

"समाधान," डावीकडून कोणीतरी म्हणालं.

"झोप," उजवीकडून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

मागून पेनाचा आवाज आला.

"छान. आता मला सांगा, चूल, दिवा, मेणबत्ती यांना जळायला—"

"ऑक्सिजन," वर्ग म्हणाला. हेडमास्तरांची नात उठून उभी राहिली. "सर, पुढचा प्रश्न ग्लास उपडा ठेवल्याचा आहे. विझेल. त्याच्या पुढचा पाणी चढण्याचा. ऑक्सिजनची जागा पाण्याने घेतली. त्याच्या पुढचा—"

"बस खाली बाळ."

"पाचवा हिस्सा," ती बसता बसता म्हणाली.

पेनाचा आवाज थांबला. तो चालू होता तेच बरं होतं, असं साबणवाल्यांना वाटलं. त्यांनी टाचण बाजूला ठेवलं आणि सुचेल ते विचारायला सुरुवात केली. ज्योत वरच का जाते? आलं. वितळलेलं मेण कुठे जातं? आलं. शेवटी हातचं म्हणून त्यांनी स्वतःच्या धंद्यातलं काढलं. "साबणाला फेस का येतो?"

"ते तुम्ही आम्हाला लिफ्ट अडकली होती तेव्हा सांगितलंत," विमावाल्यांचा मुलगा म्हणाला, आणि लिफ्टमध्ये न अडकलेल्या मुलांनाही ते येत होतं.

सातवी ब मनापासून मदत करत होती. एका माणसाचा संसार वाचवायचा म्हणून मुलं जीव तोडून उत्तरं देत होती आणि दर उत्तरागणिक त्याला थोडी थोडी बुडवत होती. वर्ग गप्प बसत नव्हता, म्हणून हेतुकथन होत नव्हतं, म्हणून पाठ सुरू होत नव्हता. साबणवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तास संपत आला होता आणि पाठ अजून जन्माला यायचा होता.

निदान प्रयोग तरी करावा म्हणून त्यांनी काडी ओढली आणि मेणबत्ती पेटवली.

वॉचमनने बादली उपडी केली.

काही वेळ वर्गात कोणालाच कोणी दिसलं नाही. धूळ खाली बसली तेव्हा टेबलावर वाळूची छोटी टेकडी होती आणि बशी तिच्या पोटात कुठेतरी होती. ग्लास लेकीच्या हातात होता. ती तिसऱ्या बाकावरून कधी उठली, केव्हा पुढे आली, हे कोणाला कळलं नाही. बरेच दिवस ती एकच जबाबदारी सांभाळत होती आणि आताही तिने ती सांभाळली. ग्लास टेबलावर ठेवून ती बापाकडे न बघता जागेवर जाऊन बसली.

"पेटली होती, साहेब," वॉचमन म्हणाला.

"पेटवलीच होती मी."

"हां, मग विझवली."

मुलं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. साबणवाल्यांनी बशी उकरून काढली, धुतली, नवीन पाणी घातलं आणि दुसरी मेणबत्ती उभी केली. बादली रिकामी असल्याने वॉचमन आता नुसताच बघ्या होता आणि पुढे वाकून बघत होता. साबणवाल्यांनी हात टेकले होते. जायचं ते गेलं होतं. आता टाचण बघायचं कारण नव्हतं आणि घड्याळही. ते स्टुलावर बसले, मेणबत्ती पेटवून तिच्यावर ग्लास उपडा ठेवला. ज्योत बारीक झाली आणि विझली. पाणी चढलं.

"का चढलं?" त्यांनी सवयीने विचारलं.

"ऑक्सिजन संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली," वर्ग म्हणाला. वॉचमनही म्हणाला.

तेवढ्यात एक हात वर झाला. साबणवाल्यांनी तो पाहिला आणि अटी आठवून खिडकीकडे पाहिलं. हात खाली येईना.

"हं," ते म्हणाले. "तिसऱ्या बाकावरची... मुलगी."

"सर, पाणी कधी चढलं?" लेकीने विचारलं.

"मेणबत्ती जळत होती तेव्हा ऑक्सिजन संपत गेला, तसतसं—"

"नाही, सर. जळत असताना पाणी जागचं हलत नाही. विझल्यावर एकदम चढतं. रोज असंच होतं. ऑक्सिजन तर जळताना संपतो ना? मग पाणी तेव्हा का नाही चढत? मेणबत्ती विझायची वाट कशाला बघतं?"

साबणवाल्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

हा प्रयोग त्यांनी किती वेळा केला होता याची गणती नव्हती. पण मेणबत्ती विझायच्या क्षणी त्यांची नजर कधी टाचणावर असे, कधी घड्याळावर, कधी हेडमास्तरांच्या विमानावर. बाकी सगळे त्यांच्याकडे बघत असत. ग्लासाकडे फक्त एकच माणूस बघत होता, तोही फुटू नये म्हणून. साबणवाल्यांनी ग्लासाकडे पाहिलं, पुस्तकातलं वाक्य आठवलं, आणि ते वाक्य कुठेतरी लंगडत होतं हे त्यांच्या लक्षात आलं.

हेडमास्तरांची नात उठली आणि काही न बोलता बसली. विमावाल्यांच्या मुलाने हात वर केला, विचार केला आणि खाली घेतला. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. वॉचमनने रिकामी बादली हलकेच जमिनीवर ठेवली. शेवटच्या बाकाच्या वर बाईंचं डोकं दिसू लागलं. ग्लास नीट दिसावा म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या.

ही शांतता आपल्या ओळखीची आहे असं साबणवाल्यांना वाटलं. टाचणात तिच्यासाठी जागा सोडलेली होती. ते स्टुलावरून उठले आणि शर्टावरची वाळू झटकली.

"तर मुलांनो," ते म्हणाले, "मेणबत्ती जळताना पाणी का चढत नाही आणि विझल्यावर का चढतं, हे आज आपण अभ्यासणार आहोत."

आणि घंटा झाली.

शिक्षकांच्या खोलीत बाईंनी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला. "या वर्गाला पाठ आधीच येत होता."

"हो."

"तुम्ही शिकवून ठेवला होता."

"हो. म्हणजे, दुसऱ्यांसाठी शिकवला होता. तेच निघाले."

"असा पाठ नियमाने बाद होतो." साबणवाल्यांना घराचं दार दिसलं, बाहेरच्या बाजूने. "पण अडचण अशी आहे की तुम्ही पाठ दिलाच नाहीत. तास संपेपर्यंत प्रस्तावना चालली. मग हेतुकथन झालं, तेही बरोबर वर्ग गप्प बसल्यावर. इतकी खरी शांतता मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. जो पाठ झालाच नाही तो बाद कसा करू?" त्यांनी कागदावर 'अपूर्ण' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली. "उरलेला उद्या पहिल्या तासाला. याच वर्गावर. काय हो, का चढतं ते?"

"माहीत नाही. बघावं लागेल."

"मग आत्ता सांगू नका. मी उद्या वर्गातच ऐकेन." त्या दारापाशी थांबल्या. "आणि मुलांची नावं माहीत असावीत हो. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणजे काय? इतकी लक्ष देणारी मुलगी. गुण कापले मी त्याचे."

"हो, बाई," साबणवाले म्हणाले.

घरी बायकोने दार उघडलं. "पास?"

"अपूर्ण."

"वर्षाच्या आत पूर्ण होईल?"

"उद्या सकाळी."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि त्यांच्या केसांतली वाळू झटकली.

बातमी इमारतीभर झाली होती. संध्याकाळी हेडमास्तरांनी खाली मुलं जमवली. विमावाल्यांनी खुर्ची आणली. जो तो आपापल्या घरचा ग्लास घेऊन आला होता. साबणवाल्यांनी वरून वाकून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच हेडमास्तरांना सांगितलं, "आज सराव नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. सगळ्यांनी घरी जा."

हे शब्द मात्र खालपर्यंत स्पष्ट गेले. मग बशी, मेणबत्ती आणि ग्लास घेऊन साबणवाले न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. उद्याच्या पाठाचं उत्तर या वेळी एकाच माणसाला माहीत असणार होतं. ते आत किती वेळ होते कोण जाणे. अधूनमधून "अरेच्चा" असा आवाज येत होता. आई दोनदा येऊन दार वाजवून गेली. "मलाही जगायला काही गोष्टी लागतात," ती म्हणाली, "आणि त्यातली एक आत आहे."

शेवटी त्यांनी दार उघडलं. बोटं पोळली होती आणि चेहरा उजळला होता. मेणबत्तीवर ग्लास ठेवताना त्याच्या कडेखालून निसटणारे बुडबुडे त्यांना दिसले होते. विझल्यानंतर ग्लासाला हात लावून तो हळूहळू निवताना त्यांनी अनुभवला होता. दारात लेक उभी होती. ती ग्लास न्यायला आली होती. तिने तो दिव्यासमोर धरून, फिरवून, टवका उडाला नाही ना ते पाहिलं.

"गरम हवा ना?" ती म्हणाली. "आधी फुगते आणि बाहेर निसटते. मग गार झाली की आक्रसते."

साबणवाल्यांनी घाईने मागेपुढे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"कडीच्या फटीतून दिसत होतं."

"कोणाला सांगू नकोस. उद्या वर्ग—"

"नाही सांगत." ती ग्लास पुसत स्वयंपाकघराकडे निघाली आणि दाराशी थांबली. "पण हेतुकथन झालंय ना आज? मग उद्या कोणीतरी उत्तर द्यायला हवं. उद्या नाव घेऊन विचारलंस तरी चालेल मला."

साबणवाले काही बोलणार होते.

"एकदाच," ती म्हणाली. "आणि पांढराच शर्ट."